काचेखालची बारा रोपं

सकाळी तोंडावर पाणी मारायच्याही आधी इंदुताई परसात गेली आणि वाकून मोजू लागली. काल चौदा होती. आज बारा. दोन रोपं मान टाकून मातीला टेकली होती, पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडली होती. नेरमध्ये त्या आठवड्यात थंडीनं असा मुक्काम ठोकला होता की नळाखाली धरलेला हात आपलाच आहे का, हे डोळ्यांनी पाहून ठरवावं लागे. गावातले कास्तकार शेकोटीपाशी बसून थंडीला शिव्या घालत होते. पण इंदुताईकडचा शिव्यांचा साठा त्यांच्यापेक्षा जुना आणि निवडक होता. वारा उत्तरेकडून येत होता, म्हणून तिनं तिकडेच तोंड करून तो मोकळा केला.

"सकायी सकायी कोणाले झोडून राह्यली व, निकिताची माय?" मागल्या दारातून रामराव बसक्या आवाजात म्हणाले.

"थंडीले!"

"तिले कान नाईत."

"तुमाले तरी कुठी हायेत? तरी चाळीस वर्षं बोलतेच ना मी."

रामरावांनी टॉवेल कानांवर ओढून घेतला. चार दिवसांपासून सर्दीनं त्यांचं नाक आणि डोळे एकदमच गळत होते, आणि घसा असा बसला होता की बोललेलं निम्मं त्यांच्यापाशीच राही. ही सोय इंदुताईला वाईट वाटली नव्हती.

रोपं वांग्याची होती. वांग्याची रोपं काय, बाजारात जुडीनं मिळतात. पण ही वांगी बाजारातली नव्हती. काटेरी देठाची, हिरवट, अंगावर पांढऱ्या रेघा, अंड्याएवढी. तेलात पडली की शिजत नसत, विरघळत. अख्ख्या नेरमध्ये ती एकाच परसात पिकत होती, भिंतीपलीकडे, रहमतबीच्या. आणि रहमतबी आता तिथं नव्हती.

भिंत विटांची, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच. दोघींचे नवरे तरुणपणी हद्दीवरून भांडले तेव्हा बांधलेली. नवऱ्यांनी भिंत घातली आणि बायकांनी आठ दिवसांत तिच्यातली एक वीट काढली. त्या भोकातून छत्तीस वर्षं वाट्या गेल्या आणि वाट्या आल्या. इकडून पुरणपोळी, तिकडून शिरखुर्मा. इकडून विरजण, तिकडून वांग्याची भाजी. रहमतबीचा नवरा गेला तेव्हा चार दिवस इकडून नुसत्या भाकरीच गेल्या. दुपारी चार वाजता पलीकडून भिंतीवर दगडाचे दोन ठोके पडत. म्हणजे, चहा झाला का? इकडून एक ठोका. म्हणजे, ये. या तारायंत्राला कधी रिचार्ज मारावा लागला नाही.

मागच्या संक्रांतीनंतर रहमतबीचा मुलगा नजीर तिला राजूरला घेऊन गेला. तो तिथं कोळशाच्या गाड्या दुरुस्त करतो. म्हाताऱ्या आईला एकटं कशाला ठेवायचं, हे त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. चुकलं ते एवढंच, की रहमतबी चालली ही बातमी इंदुताईला दूधवाल्याकडून कळली. छत्तीस वर्षांची भिंत, आणि बातमी दूधवाल्याकडून! इंदुताईनं त्या दिवशी दार लावून घेतलं. बाहेर गाडी येऊन थांबली. तीनदा हॉर्न वाजला. मग भिंतीवर दोन ठोके पडले. इंदुताई आत लसूण सोलत बसली. एक ठोका द्यायला काय लागत होतं? हात लागत होता, आणि हात लसणात होता. गाडी गेली तेव्हा तिनं खाली पाहिलं, तर पुढच्या महिन्याचासुद्धा लसूण सोलून झाला होता.

त्याला आता अकरा महिने झाले. तिनं फोन केला नाही म्हणून हिनं केला नाही, आणि हिनं केला नाही म्हणून तिनं केला नसावा. चार वाजले की मात्र इंदुताईचा कान आपोआप भिंतीकडे वळे. मग ती त्या कानाला मनातल्या मनात एक शिवी देई आणि एकाच माणसाचा चहा टाकी. रामरावांना दुपारी चहा चालत नसे.

दिवाळीच्या आसपास तिला भोकातून पलीकडच्या तणात एक खुरटलेलं वांग्याचं झाड दिसलं. त्यावर एकच वांगं, पिकून पिवळंधम्मक, अगदी बियाण्याचं. इंदुताईनं खांद्यापर्यंत हात भोकात घातला, दोन बांगड्या फोडल्या, कोपर सोलून घेतलं आणि ते वांगं तोडलं. मग त्याच भोकात वीट बसवली आणि वरून मातीनं लिंपून टाकलं. चोरीचा रस्ता बुजवला की चोरी झालीच नाही, असं तिचं मत होतं.

बेत ठरलेला होता. रोपं जगवायची, लावायची. उन्हाळ्याच्या तोंडी पहिला तोडा निघाला की टोपलीत भरायचा आणि वणीकडच्या गाडीनं राजूरला धाडून द्यायचा. चिठ्ठी नाही, निरोप नाही, फोन नाही. काय बोलायचं ते वांगी बोलतील. आणि रोपंच मेली, तर बियाणं संपलं. मग रहमतबीशी बोलायला इंदुताईकडे या जगात दुसरं काही उरत नव्हतं.

अमरावतीला दिलेल्या लेकीनं, निकितानं, फोनवर उपाय सांगितला होता.

"आई, थंडीच्या देशात लोक कसं करतात, मी व्हिडिओ पाह्यला. रोपाच्या चारी बाजूनं विटा, मागून उंच, पुढून ठेंगण्या, न वरून तिरपी काच. दिवसाचं ऊन आत कोंडते. दुपारी काच जराशी उघडायची, नाईतर रोपं उकडतात. न दिवस बुडाच्या आधी झाकून द्यायची."

"म्हंजे कोंबड्या झाकतात तसं."

"हो, तसंच."

"मंग थंडीच्या देशाचं कायले कवतिक सांगतं मले? हे तं माह्या आजीलेबी येत होतं. तिच्यापाशी काच नोती, येवढंच."

काच इंदुताईपाशीही नव्हती. म्हणून ती बसस्टँडजवळच्या अफरोजच्या दुकानात गेली. अफरोज फ्रिज दुरुस्त करतो आणि रहमतबीचा सख्खा भाचा लागतो. इंदुताई महिन्यातून एकदा तरी त्याच्या दुकानात काहीतरी निमित्त काढून जाई. राजूरचं नाव काढत नसे. त्यानं काढावं म्हणून स्टुलावर बसून राही.

"काच हाये मावशी एक, लांबरुंद," अफरोज डोकं खाजवत म्हणाला. "पन तुमाले नाई चालाची."

कोपऱ्यात मोक्षधाम समितीची जुनी पेटी पडली होती. गावात कोणी गेलं आणि दूरचं लेकरू पोहोचेपर्यंत थांबायचं असलं, की मयताला ज्या थंड पेटीत ठेवतात, ती. तिचं मशीन जळालं होतं. समितीनं नवी पेटी आणली आणि जुनी अफरोजच्या गळ्यात घातली. मशीन भंगारात जाणार होतं, पण वरचं सात फुटी काचेचं घर शाबूत होतं, बिजागरीच्या झाकणासकट.

"मौतीची पेटी हाये ते, मावशी."

"दिसते मले. दोन सालाखाली माह्या मोठ्या जावेले यातच ठेवलं होतं. जित्तेपणी कधी इतकी गार राह्यली नाई बिचारी."

"तुमाले भेव नाई वाटत?"

"काचेले काय माईत, खाली कोण निजलं? आजलोग मेलेल्याइले थंड ठेवलं तिनं. आता जित्त्याइले ऊब देईन. पुण्यच लागन."

सौदा लिंबाच्या लोणच्याच्या एका बरणीवर तुटला. इंदुताई उठली, तसा अफरोज सहज म्हणाला, "आज खालाले फोन कराचा हाये मले. काही सांगू का तुमचं?"

इंदुताईच्या तोंडाशी काहीतरी आलं. तिनं पदर सारखा केला.

"सांग," ती म्हणाली, "इकडं थंडी लय हाये म्हणा." आणि दोन पावलं जाऊन परत फिरली. "नको. राहू दे. तिकडंबी असनच थंडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता धावजीच्या लोडिंग ऑटोत पेटी निघाली. अफरोज सामान आणायला पहाटेच यवतमाळला गेला होता. समितीची पेटी गावभर पोहोचवायचं काम वर्षानुवर्षं धावजीकडेच होतं, त्यामुळे ती मागे असताना ऑटो जोरात हाकायची त्याच्या हाताला सवयच नव्हती. लग्नाच्या वरातीसारखा हळूहळू तो चौकातून निघाला. पानठेल्यावरच्या एकानं विचारलं, "कोणाकडं गा?"

"इंदुताईकडं," धावजी म्हणाला. खरं तेच म्हणाला.

पानठेल्यावरच्या माणसांनी टोप्या काढल्या. धावजीनं दोन माणसं हाताशी घेऊन पेटी बोळातून इंदुताईच्या परसात उतरवली आणि तो घाटंजीच्या बाजाराचं भाडं होतं म्हणून निघून गेला. आता दिवसभर तो कोणाला सापडणार नव्हता.

समोरच्या घरातल्या पुष्पानं खिडकीतून हे सगळं पाहिलं. तिनं विचार केला. घरात माणसं दोन. एक तर ओट्यावर टॉवेल गुंडाळून बसलेलं दिसतंय, डोळे पुसतंय. राहिलं कोण? आणि दुसरी गोष्ट, रोज अंगण झाडताना इंदुताई अख्ख्या गल्लीचा समाचार घेई. कोणाचं सांडपाणी रस्त्यावर आलं, कोणाची सून आठ वाजता उठली, सगळं. आज आठ वाजून गेले तरी गल्लीत चिमणीचा आवाज ऐकू येत होता. पुष्पाला यापेक्षा मोठा पुरावा नको होता. कालच इंदुताईनं तिला नळावर 'पाण्याची मालकीण' म्हटलं होतं. ते आठवून तिला हुंदका फुटला आणि तिनं फोन उचलला.

या गल्लीत एक रीत आहे. मयतीच्या दारी जाऊन 'कोण गेलं' असं विचारायचं नाही. विचारलं म्हणजे, तुला माहीत नाही. माहीत नाही म्हणजे तुला कळवलं नाही. कळवलं नाही म्हणजे तू आपल्यातला नाहीस. म्हणून गुपचूप जायचं, खाली मान घालून बसायचं. बाकीचं आपोआप कळतं.

त्याप्रमाणे माणसं आली आणि बसली. रामरावांनी पाहिलं, गल्लीतले आठ-दहा जण पांढरे कपडे घालून आपल्या ओट्यावर, अंगणात बसताहेत. त्यांनी ओळखलं, कोणीतरी गेलं. कोण, ते विचारायची सोय नव्हती. ओट्यावर ऊन चांगलं येतं म्हणून इथं बसले असतील, असं समजून तेही मान खाली घालून बसले. गल्लीतले वडीलधारे नानाजी आले, त्यांनी रामरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिंमत ठेव गा, रामराव."

रामरावांनी नाक ओढलं. सर्दी होतीच. "कधी न्याचं हाये?" त्यांनी बसक्या आवाजात विचारलं. एवढं विचारायला हरकत नसते.

"लेक येऊ दे अमरावतीहून. मंग पाहू."

रामरावांना वाटलं, अमरावतीला आणखी कोणाची लेक दिली आहे बरं? पण माणूस दुःखात असताना खोलात शिरू नये.

नऊ वाजेपर्यंत अंगण भरलं. बायका पदर तोंडाला लावून एका बाजूला बसल्या. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पुष्पानं पिठलं-भाकरी करून आणली. कोणीतरी गावच्या ग्रुपवर फोटोही टाकून दिला. हळदीकुंकवाला काढलेला, भोवती फुलांच्या हाराची चौकट, त्यात इंदुताई कोणावर तरी डोळे वटारून पाहत होती. खाली लिहिलं होतं, 'मितभाषी व शांत स्वभावाच्या इंदुताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

मितभाषी इंदुताई त्या वेळी परसात भिंतीला लागून विटा रचत होती. मागची बाजू चार विटांची, पुढची दोन. त्यावर तिनं एकेक टोक उचलत काचेचं घर तिरपं बसवलं, फटी चिखलानं बुजवल्या. ऊन सरळ आत उतरलं. काही वेळानं काचेला आतून दवाचे थेंब धरले आणि बारा रोपांतल्या एकानं, तिला वाटलं, जरा मान वर केली. इंदुताईनं आजूबाजूला पाहिलं. कोणाला दाखवावं, असं तिला वाटलं. भिंत समोरच होती. तिनं लिंपलेल्या विटेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तेवढ्यात घराच्या पुढल्या बाजूनं रडण्याचा आवाज आला.

कोपरापर्यंत चिखल, केसात कोळिष्टकं, अशीच ती घरातून पुढल्या दाराशी गेली. अंगणात माणसंच माणसं. माना खाली. बायका हुंदके देताहेत. ओट्यावर म्हातारा दिसत नव्हता. त्याच्यासमोर चार माणसांच्या पाठी होत्या. इंदुताईला एकच आठवलं. आजच सकाळी त्याच्या चहात साखर कमी टाकली होती, मुद्दाम.

"अवो निकिताचे बाबा!" तिनं हंबरडा फोडला आणि धावत बाहेर आली. "मले टाकून असे कसे गेले वो!"

जिच्यासाठी रडत होते तीच मातीनं माखून घरातून धावत येते आहे, हे पाहून बायकांचं रडणं जागच्या जागी थिजलं. पुष्पाच्या हातातलं पिठलं नानाजींच्या धोतरावर गेलं. दोन धडधाकट माणसं ओट्यावरून उडी मारून थेट रस्त्यावर. पाठींच्या मागून रामराव हळूच उठले.

"कोण गेलं व?" त्यांनी विचारलं.

इंदुताईचा हंबरडा अर्ध्यावर तुटला. "तुमी!"

"मी? मी तं इथंच हाओ."

"मंग हे लोकं कायले बसले?"

"मले काय माईत! आले न बसले. म्हनून मीबी बसलो."

नानाजी धोतर झटकत म्हणाले, "अबे रामराव, तुह्याच सांत्वनाले आलो न आमी! इंदुताई गेली म्हनून."

"आँ?" रामराव दचकून म्हणाले. "कधी?"

इंदुताईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग गल्लीकडे, मग दोन्ही हात कमरेवर ठेवले. पुढची दहा मिनिटं गल्लीला सकाळची थकबाकी मिळाली. "वांग्यासाठी आणली पेटी, वांग्यासाठी! काच दिसली का मुडदा दिसते का रे तुमाले? आन पुष्पे, पिठल्यात मीठ जास्त हाये. माह्या मौतीले तरी नीट करतं!" पुष्पानं रडत रडत ग्रुपवरचा मजकूर वाचून दाखवला. "मितभाषी म्हंजे काय व?" इंदुताईनं विचारलं.

"कमी बोलणारी."

"मेल्यावर तरी खरं लिवा लेकहो!"

"जाऊ दे आता," नानाजी उठत म्हणाले. "खोटी मौत उठली का मानसाचं आयुष्य वाढते." हे ऐकून जाणाऱ्यांपैकी दोन-तीन चेहऱ्यांवर पुन्हा दुःखाची छाया पसरली.

मग फोन सुरू झाले. दारव्ह्याची नणंद, यवतमाळचा भाऊ, कुठले कुठले. निकिता तर आईचा आवाज ऐकून किंचाळलीच. "आई! मी काच सांगतली होती. मौतीची पेटी कोण आणते!"

"रडू नको. वांगे आले का देईन तुलेबी."

प्रत्येक फोनला इंदुताई धावत जाई. पदराला हात पुसून, फोन लांब धरून नाव विचारी आणि नाव ऐकलं की आवाज उतरे. "हो. जित्ती हाओ. ठेव." दुपारपर्यंत तिनं चाळीस जणांना आपण जिवंत असल्याचं सांगितलं. राजूरहून फोन आला नाही. ग्रुपवर नजीरही आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. जिवंतपणी नाही केला फोन, ठीक. मानाचं असतं. पण मेल्यावरही नाही?

जेवण तिला गेलं नाही. रामराव म्हणाले, "आता काय झालं व? जित्ती तं हाये तू."

"हाओ ना," ती म्हणाली आणि परसात जाऊन बसली.

ऊन कलायला लागलं. दुपारी दोन बोटं उघडलेली काच आता लावायची होती, म्हणजे आतली ऊब आत राहते. इंदुताईनं बारदान हाताशी घेतलं आणि पेटीत वाकून एका रोपाभोवतीची माती खुरप्यानं सैल करू लागली. बाराच्या बारा ताठ उभी होती. तिला आनंद व्हायला हवा होता.

भिंतीवर आवाज झाला. टक. टक.

इंदुताईनं खुरप्याची मूठ उचलली आणि विचार न करता भिंतीवर हाणली. टक.

आणि मग ती गारच पडली.

पलीकडून "या अल्ला!" अशी किंकाळी आली आणि काहीतरी जड तणात धप्पकन बसलं.

इंदुताईनं खुरप्यानं लिंपण खरवडलं, नखं लावली, वीट ओढून काढली. भोकातून पलीकडे एक डोळा दिसला. लाल, सुजलेला, फाटलेला.

"रहमत?"

"इंदू..." पलीकडून आवाज आला. "कोठून बोलून राह्यली तू?"

"कोठून म्हंजे? माह्या परसातून!"

"पन नजीरच्या फोनमंधी... फुलाइच्या हारात..."

"जित्ती हाओ मी. पेटी वांग्यासाठी आणली होती. ते बुद्दू लोकं..."

मग तो डोळा बारीक झाला. इंदुताईला तो चांगला ओळखीचा होता. आता ऐकून घ्यावं लागणार.

"शरम नाई वाटत तुले! साडेनऊले घर सोडलं मी. वणी, यवतमाळ, नेर, सहा घंटे रडत आली. बाजूची बाई मले केळं चारत होती, येवढी रडली! इथं आली तं दारात कोणी नाई. म्हनलं, नेली असन. तिचं तोंडबी नाई पाह्याले भेटलं. म्हनून माह्या घरात गेली न आखरीचे दोन ठोके देल्ले भितीले!"

"फोन नाई करता येत?"

"कोणाले करू? तुले? मेलेल्या बाईले?" रहमतबीनं नाक शिंकरलं. "मराच्या आधी सांगता येत नाई तुले मानसाले?"

"तू जाताना सांगतलं होतं मले?"

भोकातला डोळा बाजूला सरकला. रहमतबी म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं जाणं झालं असतं का माह्यानं? गाडी आली का सांगीन म्हनलं. दोन ठोके देल्ले. तू एक नाई देल्ला."

"हात लसणात होता."

"अकरा महिने लसूण सोलत होती?"

इंदुताईनं खुरपं मातीत रोवलं. "ये इकडून," ती म्हणाली. "चहा टाकते."

रहमतबी बोळातून आली. वाळली होती जरा. बुरख्याला तणाची कुसळं चिकटली होती. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, पण गळ्यात पडायची दोघींनाही सवय नव्हती. छत्तीस वर्षं मध्ये भिंत होती. मग रहमतबीनं इंदुताईच्या हाताला एक सणसणीत चिमटा काढला.

"ओय!"

"पाहून राह्यली, खरंच हाये का."

ती पेटीपाशी उकिडवी बसली. काचेतून आत पाहिलं, झाकण उचललं, एका पानाखाली बोट घातलं. बोट तिथंच थांबलं.

"इंदू, हे रोपं माह्या झाडाचे हायेत."

"त्याच्यावर का तुवं नाव लिवलं हाये?"

"देठ पाह्य. काटे पाह्य. सारे नेरमंधी कोणाकडं हाये हे?"

इंदुताईनं आभाळाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मग बाही वर करून कोपर पुढं केलं. "चोरलं. घे. भोकातून हात घालून चोरलं. दोन बांगड्या फुटल्या. तुलेच धाडाचे होते राजूरले. पहिला तोडा."

रहमतबीचे खांदे हलू लागले. रडते आहे असं वाटून इंदुताई जवळ सरकली, तर ती हसत होती. हसता हसता मातीत बसली.

"निकिताच्या टायमाले तू माहेरी गेलती, आठवते? चार महिने. तवा तुह्या परसात एक वांग्याचं झाड होतं. मी याच भोकातून हात घातला न बियाचं वांगं तोडलं. तुवं झाड तं पुढं बकरीनं खाल्लं. तू आली न मले म्हनली, रहमत, तुह्या परसातले वांगे लय मस्त हायेत. मी चूप."

इंदुताई तिच्याकडे पाहतच राहिली. "म्हंजे सारी जिंदगी माह्येच वांगे वाटीत घालून मले देल्ले?"

"रस्सा तं माहा होता."

चहा झाला. दोन कप. परसातच बसून प्यायल्या. सूर्य भिंतीच्या कडेला टेकला होता. इंदुताईनं पेटीचं झाकण लावलं. बारदान उचललं आणि रहमतबीकडे न पाहता, बारदानाची घडी उलगडत विचारलं, "मंग? सकायच्या गाडीनं जाशीन?"

"नजीरले सांगून आली मी, इंदूची तेरवी झाल्याबिगर येत नाई."

इंदुताईचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत तेरापर्यंत गेला.

तेवढ्यात रहमतबीच्या पिशवीत फोन वाजला. नजीर. कामावर असताना तो फोन पेटीत कुलूपबंद ठेवतो, आता सुटी झाली असणार. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "अम्मी, पोहोची क्या? सुनो, ग्रुपपे आया है, इंदूखाला जिंदा है बोलके! सच है क्या?"

रहमतबीनं फोनवर तळहात ठेवला आणि इंदुताईकडे पाहिलं.

सकाळपासून चाळीस माणसांना ओरडून ओरडून आपण जिवंत असल्याचं पटवून दिलेली इंदुताई पुढं सरकली. तिनं जोरजोरानं मान हलवली.

"अफवा हाये म्हणा," ती कुजबुजली.

आणि नजीरला शंका राहू नये म्हणून तिनं पदर तोंडाला लावून स्वतःच्याच नावानं एक बारीक, लांब सूर काढला, आणि दुसऱ्या हातानं बारदान काचेवर नीट ओढून घेतलं.